बसलिंगप्पा आणि तळ नसलेली जाळी

योहान एसटीत चढला तो एका दमात चढला नाही, हप्त्याहप्त्याने चढला. आधी एक बूट आला. बूट कसला, तान्ह्या पोराला निजवावे एवढा पाळणाच तो. मग गुडघा आला. गुडघ्यानंतर बराच वेळ नुसती विजारच येत राहिली. लोह्याच्या स्टँडवर शेंगा विकणारी बाई हा माणूस संपतो कुठे ते बघायला टोपली खाली ठेवून उभी राहिली. शेवटी डोके आले, आणि ते दारावरच्या लोखंडी दांडीवर दोनदा असे आदळले की ड्रायव्हरला वाटले डबल बेल झाली. त्याने गाडी सोडली. योहान बराचसा गाडीत होता, पण त्याचा दुसरा पाय अजून लोह्यातच होता.

नांदेड-लातूर गाडीचा कंडक्टर बसलिंगप्पा हे सगळे मागच्या बाकावरून बघत होता. दुसऱ्या कुणी त्या पाहुण्याला हात दिला असता. बसलिंगप्पा चिमटा वाजवत पुढे गेला आणि आधी त्याने पाहुण्याच्या पाठीमागे वाकून बघितले. एवढ्या मोठ्या माणसाच्या आडोशाने एखादा फुकट्या चढला असेल, ही शंका त्याला पहिल्यांदा आली. मागे कुणी नव्हते. त्यामुळे त्याचा संशय कमी झाला नाही, वाढला.

भूकंपाला जेमतेम महिना झाला होता. गावोगाव मदतीच्या पथकांची ये-जा चालू होती आणि गोरी माणसे दिसणे नवलाचे राहिले नव्हते. पण ती जीपमधून दिसायची. हा एसटीत का? सुदैवाने त्याच गाडीत ग्यानोबा गुरुजी होते. बसलिंगप्पाच्याच गावचे, कवठाळीच्या शाळेचे हेडमास्तर. त्यांचे इंग्रजी शाळेत कुणी ऐकून घेत नसे, म्हणून ते आपणहून दुभाषे झाले. पाहुणा बेल्जियम नावाच्या देशातून टिनशेड बांधायला आला होता, पत्र्यांचा ट्रक आणायला नांदेडला गेला होता, आणि तो ट्रक लोह्यात बंद पडला होता. इथवर ठीक होते. मग गुरुजींनी त्याचा धंदा विचारला.

“यांच्या गावात चेंडूचा क्लब निघालाय म्हणं. बास्केटबॉलचा. यंदाच निघाला, अजून वरीसबी झालं न्हाई,” गुरुजी म्हणाले. “हे त्यात खेळायचे, गुडघा गेला म्हणून आता पोरांना शिकिवतेत. खेळायचा पगार मिळतो.”

“कुणाला?”

“खेळणाऱ्याला.”

मिशी फुटलेल्या मुलाचे अर्धे तिकीट मागणाऱ्या बापाकडे जसे बघावे, तसे बसलिंगप्पाने योहानकडे बघितले. खेळायला पगार देणारा देश असू शकत नाही, एवढे त्याला कळत होते. आणि असलाच, तर असला देश सोडून माणूस कवठाळीला पत्रे ठोकायला कशाला येईल?

“काही तरी खाली हाय,” तो गुरुजींच्या कानाशी म्हणाला.

“अहो, ते घरं बांधायला आलेत.”

“ते वर बांधायलेत. खाली काय करायलेत, ते बघा.”

असा हा बसलिंगप्पा. दुधात पाणी आहे का हे सगळेच बघतात. त्याला पाण्यात काय आहे ही शंका असे. लग्नाच्या पंगतीत बुंदी दुसऱ्यांदा वाढली की तो वधूपित्याकडे रोखून बघायचा, की एवढी का उरली? प्रवाशाने सुटे पैसे आपणहून दिले तर तो ते उजेडात धरायचा. आणि पोरांच्या वयाच्या बाबतीत तर तो साऱ्या डेपोचे शेवटचे कोर्ट होता. बारा वर्षांखालच्या पोराला अर्धे तिकीट असते, आणि मराठवाड्यातले एकही पोर एसटीत कधी बारावे वर्ष ओलांडत नाही. बसलिंगप्पा पोराच्या मनगटाकडे एक नजर टाकून पूर्ण तिकीट फाडायचा. आयांनी दिलेले शाप त्याने मोजले नाहीत.

पण या स्वभावाची थट्टा करायला कवठाळीत कुणाला तोंड नव्हते. भूकंपाच्या आदल्या वर्षी जमिनीतून गुरगुर यायची, भांडी वाजायची. एक साहेब आले. त्यांनी देवळापुढे गाव जमवून सांगितले, काळजी करू नका, काही होणार नाही, घरात निवांत झोपा. बसलिंगप्पाने उठून विचारले होते, कशावरून? साहेब हसले म्हणून गावही हसले. त्याने घरी जाऊन बाजा अंगणात काढल्या आणि बायकोला, नागाबाईला, बजावले की आजपासून तू आणि पोरगी इथेच निजायचे, थंडी असो की डास. गाव त्यांना बाजेवरची मंडळी म्हणू लागले. त्याच्या म्हाताऱ्याला, आबाला, हे फार लागले. सायबापेक्षा तू शहाणा का, म्हणून तो दगडी भिंतींच्या आत, आपल्या जागीच निजत राहिला.

गणपती बुडवून गाव झोपले त्या रात्री बसलिंगप्पा मुक्कामी गाडीवर मुखेडला होता. तो पोचला तेव्हा घर नव्हते. अंगणात बाजा तशाच होत्या, आणि त्यातल्या एकीवर पांढऱ्या धुळीने माखलेली नागाबाई चार वर्षांच्या अयोध्येला मांडीत घेऊन बसली होती. आबा आत होता.

“मी सांगितलं होतं,” हे त्याने कुणाला कधी ऐकवले नाही. पण तेव्हापासून कुणी ‘काळजी करू नका’ म्हटले की त्याचा हात, गाडीत असो नसो, डोक्यावरच्या दोरीकडे जायचा. एक घंटी. गाडी थांबवा.

*

योहानने कवठाळीच्या टिनशेडच्या वस्तीत सगळ्यांत शेवटी एक खांब उभा केला. उरलेल्या लोखंडाचा, कोणत्याही शेडला न लागणारा. त्यावर फळी, फळीवर कडे, कड्याला जाळी. पोरांनी आरडाओरडा केला. बसलिंगप्पा सुट्टीच्या दिवशी खुर्ची घेऊन त्या खांबासमोर बसला. पहिली शंका, हे भूकंप मोजायचे यंत्र आहे. दुसरी, हे भूकंप आणायचे यंत्र आहे. मग योहानने चेंडू वर टाकला, तो जाळीतून खाली पडला, आणि बसलिंगप्पाला खरी गोम सापडली.

“हिला बूड न्हाई,” तो नागाबाईला घरी येऊन म्हणाला. “वरून टाकायचं आन् खालून निघून जायचं. ज्या लोकाच्या जाळीला बूड न्हाई, त्यांचं काय खरं धरावं?”

नागाबाई म्हणाली, बूड असते तर चेंडू काढायला दर वेळी वर कोण चढले असते, तुम्ही? त्यामुळे त्याने तिच्यावरही थोडा संशय घेतला.

योहान परत गेला, पण दर उन्हाळ्यात, तिकडचे सामने संपले की, यायचा. चेंडू आणायचा, बूट आणायचा आणि क्लबच्या बातम्या आणायचा. त्याच्या गावाचे नाव घेताना घशात भाकरी अडकल्यासारखे व्हायचे, म्हणून कवठाळीकर त्याला नुसते ‘योहानभाऊचं गाव’ म्हणत. तिथे साखर कारखाना होता आणि लोक बिटापासून साखर काढायचे. उसाशिवाय साखर होते यावर कुणी विश्वास ठेवला नाही, त्यात बसलिंगप्पा एकटा नव्हता. पहिल्या वर्षी तो क्लब म्हणजे एका शाळेची व्यायामशाळा, स्वतः योहान, एक बेकरीवाला, दोन मास्तर आणि पगारावर आणलेला एक परदेशी खेळाडू, एवढाच होता. मग ते सगळ्यांत खालच्या गटात पहिले आले. मग वरच्या गटात गेले. मग बेकरीवाल्याने बेकरी सोडली आणि तोही पगारी झाला. मग त्यांनी स्वतःचे मोठे सभागृह बांधले आणि तिथे तिकीट लावून माणसे बसू लागली.

हे सगळे कवठाळीत पारावर सांगितले जायचे, आणि दर वर्षी बसलिंगप्पाचे प्रश्न ठरलेले असायचे. गटात एकूण टीम किती? पंच कुणाचा पाहुणा? हरलेले लोक काय म्हणतेत, ते सांगा की. योहान हसून उत्तरे द्यायचा. एकदा तो म्हणाला, आमच्या क्लबात तुमच्यासारखा माणूस हिशेबनीस पाहिजे. बसलिंगप्पाला हे आवडले, म्हणून त्याने त्या दिवशी योहानच्या चहात साखर किती पडते यावर लक्ष ठेवले.

मधल्या काळात अयोध्या वाढत होती. वाढत होती म्हणजे थांबतच नव्हती. हात तर असे लांब की उभ्याउभ्या गुडघा खाजवील. शाळा सुटली की ती खांबाखाली. चेंडू तिच्या हातातून सुटला की जाळीला न शिवता निघून जायचा आणि कड्याचा आवाजही व्हायचा नाही. एकदा नागाबाई तिला घेऊन औशाला निघाली, तर बसलिंगप्पाच्याच डेपोतल्या एका नव्या कंडक्टरने पोरीचे पूर्ण तिकीट फाडले. पोरगी दहा वर्षांची आहे, असे नागाबाईने परोपरीने सांगितले. तो म्हणाला, “मावशी, मला बसलिंगप्पा मास्तरांनी शिकिवलंय. मनगट बघायचं.”

*

क्लबला दहा वर्षे झाली तेव्हा तो बेल्जियमच्या सगळ्यांत वरच्या गटात होता. जल्लोष म्हणून त्यांनी नाताळात सोळा वर्षांखालच्या मुलींचे सामने ठेवले, आणि देशोदेशीच्या टीमांबरोबर एक बोलावणे कवठाळीला आले. जाणे-येणे, राहणे, खाणे सगळे क्लबचे. योहानने दहा मुली निवडल्या. अयोध्येचे नाव त्याने निवडले नाही, ते गृहीतच होते. तिच्याभोवती उरलेल्या नऊ निवडल्या.

अयोध्या तेव्हा दहावीत गेली होती. तिने बापाला काही विचारले नाही. नवे बूट तिने उशाशी ठेवले आणि घरात सगळी कामे न सांगता करू लागली. बसलिंगप्पाला साहजिकच संशय आला.

त्याच जूनमध्ये एक दिवस योहान शाळेच्या व्हरांड्यात गुरुजींकडून मुलींचे जन्माचे दाखले घेऊन बसला. पहिला दाखला, एक जून. दुसरा, एक जून. तिसऱ्याला तो हसला. पाचव्याला त्याने चष्मा पुसला. दहाही मुली एक जूनला जन्मल्या होत्या. त्याने मान वर केली, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा बसलिंगप्पाला त्या चेहऱ्यावर आपल्या ओळखीचे काही दिसले. डोळे बारीक झालेले, खालचा ओठ पुढे आलेला.

“गुरुजी, हे सगळे कसे?” योहान म्हणाला. त्याला एव्हाना मोडकेतोडके मराठी येत होते. “क्लब म्हणणार, वय खोटे.”

बसलिंगप्पाला राग यायला हवा होता. त्याऐवजी त्याने खुर्ची योहानजवळ सरकवली. आपल्यातला माणूस भेटल्यासारखे वाटले त्याला.

गुरुजींनी मग जे सांगितले ते इथे कुणालाही सांगावे लागत नाही. शाळा जूनमध्ये उघडते. बाप पोराचा हात धरून येतो. कधीचं रे? तर विहीर ढासळली त्या साली, पोळ्याच्या पुढंमागं. आता विहीर कधी ढासळली हे गुरुजींनी कुठे शोधावे? ते पोराला म्हणतात, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धर. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचे झाले आणि एक जूनला जन्मले. नाही लागला, तर पुढच्या वर्षी ये.

“आन् हिचा हात तर बघा,” गुरुजी अयोध्येकडे बोट करत म्हणाले. “पाचव्या वर्षीच कान धरला हिनं. कान कसला, हात डोक्यावरून हनुवटीपस्तोर आला. म्या लिवलं, सहा पूर्ण. कागदावर हाय तेच्यापेक्षा पोरगी वरसानं ल्हान हाय.”

म्हणजे बेल्जियमला शंका की पोरी मोठ्या आहेत, आणि खरी भानगड उलटीच. योहानने क्लबशी फोनवर बोलून सगळ्यांच्या मनगटांचे एक्स-रे काढायचे ठरवले. हाडांवरून वय कळते म्हणे. बसलिंगप्पा मनगट हा शब्द ऐकून भारावला. विज्ञान आपल्या मागून चालत आले आहे, असे त्याला वाटले. फक्त एकाच दवाखान्यावर विसंबू नये म्हणून त्याने लातूरला एकदा आणि नांदेडला एकदा, दोनदा एक्स-रे काढायला लावले. दोन्हीकडे एकच निघाले. सगळ्या मुली सोळाच्या आत, आणि अयोध्या तर चौदाचीच.

आता उरली होती फक्त बापाची सही.

*

त्याच दिवसांत बसलिंगप्पाने लातूरला एक क्लास बघून ठेवला होता. लातूरला तेव्हा क्लासचे पेव फुटले होते. ज्या गल्लीत पूर्वी कडब्याच्या गाड्या उभ्या राहायच्या तिथे सायकलींची रांग लागायची आणि दर भिंतीवर गुणवंतांचे फोटो. बसलिंगप्पा प्रत्येक क्लासात गेला. प्रत्येक ठिकाणी त्याला सांगितले, पोरगी आमच्यावर सोडा, नव्वद टक्के कुठे गेले नाहीत, काळजी करू नका. प्रत्येक वेळी हात दोरीकडे गेला आणि तो जिना उतरला.

यज्ञेश सरांचा क्लास शेवटचा होता. सर खुर्चीतून उठले नाहीत. कुठल्या खेड्यातून आला, मुलगी काय करते, सगळे विचारून घेतले आणि तोंड पाडले.

“मी कसलीही हमी देत नाही,” ते म्हणाले. “कठीण आहे. पेपर फुटतात, मास्तर पळतात, मुलं बिघडतात. तुमचा माझ्यावर विश्वास आहे का?”

“न्हाई,” बसलिंगप्पा म्हणाला.

“ठेवूही नका. रोज येऊन तपासा.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलत होते. त्याने जिन्यातच ठरवून टाकले. सरांचा एक नियम होता, डिसेंबरची उजळणी बुडवलेल्या मुलीला परत घेणार नाही. सामने नेमके डिसेंबरातच होते, म्हणून बसलिंगप्पाने सही अडवून धरली.

गुरुजींनी समजावले की पोरगी मुळात वर्षाने पुढे आहे, एक वर्ष गेले तरी ती आपल्या जागेवर येईल. बसलिंगप्पा म्हणाला, कागदावर न्हाई ना. नागाबाई तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. शेवटी योहान गुरुजींना घेऊन स्वतः आला. नव्या पक्क्या घराच्या अंगणात, जिथे अजूनही तीन बाजा होत्या, त्यातल्या एकीवर जपून बसला. बाज कुरकुरली. अयोध्या दाराआड उभी होती, तिचे लांब हात मात्र चौकटीबाहेर दिसत होते.

योहानने कागद पुढे केला. बसलिंगप्पाने वाचला, उलटा करून वाचला, उन्हात धरला. विमान कुणाचे, ड्रायव्हर कोण, मुक्काम कुठे, सगळे विचारले. उत्तरे बरी होती. त्याने खिशातून पेन काढले. नागाबाईने दाराआडून लेकीचा हात धरला.

तेवढ्यात योहानला वाटले, आता या माणसाला धीर द्यावा. वाटेत गुरुजींकडून त्याने एक वाक्य घोकून आणले होते. बसलिंगप्पाच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी स्वच्छ मराठीत तो म्हणाला,

“काळजी करू नका. काही होणार नाही.”

बसलिंगप्पाचा हात वर गेला. डोक्यावर दोरी नव्हती, नुसते आभाळ होते. तो हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मग त्याने पेनाला टोपण लावले, कागदाची घडी केली आणि योहानच्या मांडीवर ठेवली.

“कशावरून?” एवढेच तो म्हणाला.

योहानला वाटले आपले मराठी चुकले. गुरुजी खाली बघत राहिले. दारातले हात आत गेले.

*

नाताळात नऊ मुली विमानात बसल्या. तिथे त्या तिन्ही सामने हरल्या, बर्फात पडल्या, बिटाची साखर खाऊन आल्या आणि ती खरोखर गोड आहे असे गावाला सांगितले. प्रत्येक सामन्याला योहानने एक शर्ट रिकाम्या खुर्चीवर ठेवला होता, दहाव्या मुलीचा. बसलिंगप्पाने विचारले, मग तो शर्ट आता कुणाकडं हाय? मुलींनी तो पिशवीतून काढून दिला. त्याने तो उलटसुलट करून बघितला आणि अयोध्येच्या बाजेवर ठेवला.

जानेवारीत नांदेड-लातूर गाडीत धर्माबादचा एक शिक्षक लेकीला घेऊन चढला. शेजारच्याला तो सांगत होता की नांदेडला नवा क्लास निघालाय, सर फार सडेतोड आहेत, म्हणाले, माझ्यावर विश्वास ठेवू नका, रोज येऊन तपासा. बसलिंगप्पाने तिकीट फाडता फाडता सरांचे नाव विचारले. शिक्षक म्हणाला, यज्ञेश सर. मग तो आपल्या जागेवर जाऊन बसला, आणि अहमदपूरला उतरणारे प्रवासी ओरडेपर्यंत त्याने घंटी दिली नाही.

गाडी लातूरला लागल्यावर तो थेट क्लासवर गेला, तर दाराला कुलूप होते. योहानचा क्लब त्या मोसमात बेल्जियममध्ये पहिला आला. अयोध्येला दहावीला बावन्न टक्के पडले.